कॅसेटमधलं दूध

“मग खोका परत दे! मी तीन जिने चढवून आणला, तसा मीच उतरवतो. पण आठवडाभर त्याच्याभोवती अशी घुटमळू नकोस. घेत नाहीस, नको म्हणत नाहीस. माणसाने समजायचं तरी काय?”

ईश्वरचा आवाज चढला तशी सुचेताने हातातली केरसुणी भिंतीला टेकवली.

“घुटमळत नाही मी. केर काढताना मध्ये येतो तो.”

“मध्ये येतो! ज्याचा फोटो मासिकातून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलायस, तो आता केरात मध्ये येतो होय?”

फोटो खरंच कपाटाच्या दाराला होता. साड्या काढताना रोज दिसायचा. काळा, चपटा, जपानी बनावटीचा रेडिओ सेट. बोलायचा आणि ऐकायचाही. तोच सेट आता थर्माकोलमध्ये बसून भाईंदर पश्चिमेच्या त्यांच्या दोन खोल्यांत दाराशी पडला होता आणि तिने त्याची चिकटपट्टीसुद्धा काढली नव्हती.

“सेठीसाहेब साडेबाराला येतायत,” ईश्वर म्हणाला. “जेवायला बोलावलंय मी. सकाळी जाऊन उत्तनच्या बायकांकडून पापलेटं आणलीत. आता त्यांच्यासमोर तोंड पाडून बसू नकोस म्हणजे झालं.”

“तो मासे खातो काय?” कोपऱ्यातल्या खुर्चीतून दाजींनी विचारलं. दाजी म्हणजे ईश्वरचे वडील. चष्मा काढला की ते तो खोक्यावरच ठेवत. आठवड्यात त्यांना त्याची सवय झाली होती. “नायतर आणलान पापलेटं आणि तो मागेल वरण-भात.”

“दाजी, तुम्ही पेपर वाचा.”

“पेपरात काय आहे? घरातच बरं चाललंय.”

सुचेताचं माहेर गुहागरकडचं. मॅट्रिक झाल्यावर मुंबईच्या तार ऑफिसात लागली, तेव्हा तिथल्या जुन्या तारमास्तरांनी तिच्या हाताखाली तार ठोकायची चावी दिली आणि म्हणाले, पोरी, कट्ट आणि कडकट्ट, एवढीच भाषा आहे, पण प्रत्येकाची निराळी येते. तसंच होतं. तारवाले त्याला ‘हात’ म्हणत. पलीकडे नागपूरला कोण बसलंय ते नाव न विचारता कळायचं, आईचं पाऊल जिन्यात ओळखावं तसं. सुचेताचा हात सावकाश आणि गोल होता. शब्दाच्या शेवटची कडकट्ट ती किंचित लांबवायची. मुलीचा हात मऊ आहे, मास्तर म्हणायचे.

मग लग्न झालं. गिरगावातली खोली सोडून ही मंडळी भाईंदरला आली, सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि एक दिवस सुचेता राजीनामा देऊन घरी बसली. कुणी तिला नोकरी सोड म्हटलं नाही. कुणी सोडू नकोसही म्हटलं नाही. सासूबाईंचं तिने सगळं केलं. त्या गेल्या तेव्हा हात एकदम रिकामे झाले आणि पोळ्या लाटताना बोटं ओट्यावर आपोआप ठोकू लागली. संचिता, तिची मुलगी, तेव्हा शाळेत होती. ती म्हणाली, “आई, तू कुणाला तार करतेस?”

ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणीने, सुलूने, सांगितलं की सरकारी परीक्षा दिली तर हौशी लोकांना घरून रेडिओवर बोलता येतं. ‘हॅम’ म्हणतात त्यांना. सुचेता परीक्षेला बसली आणि पास झाली. मुंबईच्या जुन्या बाजारातून ईश्वरने पिशव्या भरभरून सामान आणलं, ते दोघांनी मिळून फळीवर ठोकलं, गच्चीवर तार ताणली. सेट गरम झाला की त्याचा सूर हळूहळू वर सरकायचा. पण पुणे, नाशिक, सुरत यायचं. एकदा इटलीतली एक म्हातारी मास्तरीण आली. तिचं कार्ड देवाच्या फळीवर गणपतीला टेकवून ठेवलेलं होतं. बोलणं झालं की दोघांनी एकमेकांना असं कार्ड पाठवायचं, ही हॅम लोकांची रीत. परदेशातली कार्डं महासंघामार्फत येत. भारतीय हॅम महासंघ, सगळ्या देशातल्या हौशी लोकांची एकच संस्था.

या महासंघानेच तिला विचारलं होतं, मॅडम, तुमचा हात इतका स्वच्छ आहे, नव्या मुलांसाठी रोज सकाळी थोडा सराव पाठवाल? सेवा म्हणून.

सेवा म्हटल्यावर सुचेताला बरं वाटलं. रोज सकाळी सहाला ती बसायची. पाठ कुठला द्यायचा, तर संचिताचं जुनं इंग्रजीचं पुस्तक समोर. हत्ती नदीवर पाणी प्यायला जातो, असे धडे. एकीकडे गॅसवर दूध. दूध वर येऊ लागलं की ती धड्याच्या मध्यावर ‘जरा थांबा’ची खूण पाठवायची, पळत जाऊन गॅस बारीक करायची, दाजींच्या चहाचं आधण ठेवायची आणि परत येऊन हत्तीला पुढे न्यायची. ऐकणाऱ्यांचं काही म्हणणं नव्हतं. घर आहे, चालायचंच.

नाथा हा उत्तनकडच्या डोंगरीचा. भाईंदरात एका पंख्याच्या दुकानात वाइंडिंग करायचा. सुट्टीच्या दिवशी सुचेताच्या स्वयंपाकघरात बसून मोर्स, म्हणजे ही कट्ट-कडकट्टची भाषा, शिकायचा. गेल्या पावसाळ्यानंतर तो एक कॅसेट घेऊन आला. वर रंगीत चित्र, महासंघाचा शिक्का, आणि ‘तज्ज्ञ ऑपरेटरच्या हातून’ असं इंग्रजीत छापलेलं.

“बाई, ही घेतल्याबिगर महासंघ अर्जावर शिफारस देत न्हाय आता,” तो म्हणाला. “पन चांगली हाय. ऐका.”

सुचेताने कॅसेट लावली आणि पहिल्याच ओळीला ती आवाज वाढवून पुढे वाकली. शेवटची कडकट्ट लांबलेली. सूर वर सरकणारा. तिचाच हात, तिचाच फळीवरचा सेट, संचिताचाच हत्ती. महासंघाने तिचा सकाळचा धडा हवेतून टेप करून विकायला काढला होता. आणि नदीच्या काठावर आल्यावर हत्ती थांबला. ‘जरा थांबा.’ मग नुसतीच खरखर. दूध उतू चाललंय, ती पळतेय, दाजी खोकतायत, हे सगळं त्या खरखरीत होतं आणि तिच्याशिवाय कुणालाच कळणार नव्हतं.

“हितं थांबायचं असतंय,” नाथाने तिला समजावलं. “परत्येक धड्यात हाय. मधीच खून द्यायची, हात उचलायचा, मंग फुडं. रीतच हाय ती.”

“रीत नाही रे ती,” सुचेता म्हणाली. पण त्याला उशीर झाला होता. नाथा आधीच परीक्षा देऊन आला होता. पाठवायच्या परीक्षेत त्याने ऐन मध्यावर ‘जरा थांबा’ पाठवलं, हात उचलला आणि अदबीने बसून राहिला. परीक्षक वाट बघत राहिले. मग त्यांनी नापास लिहिलं.

“कॅसेट परमान मानायची का साहेबाला?” नाथाने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता, आणि तोच सुचेताच्या जिव्हारी लागला. आपल्या दुधापायी हा पोरगा नापास झाला. आणि गावोगाव असे किती असतील, जे मधेच हात उचलून अदबीने बसत असतील?

तिने महासंघाला कळवलं. उत्तर आलं नाही. पुढे महासंघाचं मासिक आलं, त्यात कॅसेटची पानभर जाहिरात आणि कपाटात फोटो लावला होता त्याच सेटचीही, मिळण्याचं ठिकाण एकच, सेठींच्या मेहुण्याचं दुकान. सेठी म्हणजे महासंघाचे चिटणीस नीरज सेठी. हौशी लायसन्सवर हवेत, म्हणजे रेडिओवर, धंद्याचा एक शब्द बोलायचा नाही, हा पहिला नियम. सुचेताने तो परीक्षेत लिहिला होता. नाथाकडून तिने तो पाठ करून घेतला होता. आणि रविवारच्या बैठकीत हेच सेठी हवेतून सांगत, नया स्टॉक आ गया है, मेंबर लोग जल्दी करें.

मग गेल्या रविवारी ते स्वतःच आले. सोफ्यावर बसले, गच्चीवरच्या तारेचं कौतुक केलं, दाजींच्या पाया पडले.

“मॅडम, आप तो हमारी शान हैं,” ते म्हणाले. “कॅसेट का दूसरा भाग करना है. थोडा फास्ट स्पीड. ये सेट आप रखिए, महासंघ की तरफ से. बस एक बात. वो सुबह का लेसन अब बंद रखिए. हवा में फ्री मिलेगा तो कॅसेट कौन लेगा?”

“त्या पहिल्या कॅसेटवर माझं नाव नाही,” सुचेता म्हणाली.

“नाम का क्या है मॅडम, सेवा है ना.”

“आणि मध्ये जे थांबते मी, ते काढून टाका. मुलं नापास होतायत.”

सेठी हसले. “कितने लोगों ने सीखा उससे! छोटी-मोटी चीज़ है. इस बार किचन का दरवाज़ा बंद कर लीजिएगा.”

ईश्वरही हसला होता. सुचेताला सेठींपेक्षा तेच हसणं जास्त लागलं. पण सकाळचा धडा तिने बंद केला. सभासद होती ती. महासंघाने सांगितल्यावर ऐकायचं, एवढं वळण तार ऑफिसातलं होतं. आठवडाभर सहाला ती नुसती उभी राहून दूध बघत होती. एकदाही उतू गेलं नाही.

“तुला काय वाटतं, मला कळत नाही?” ईश्वर आता हळू आवाजात म्हणाला. पिशवीतली पापलेटं त्याने सिंकमध्ये ओतली. “चोरच आहे तो. पण चोर कोण नाही? आमच्या ऑफिसातली युनियन काय धुतल्या तांदळासारखी आहे? तुझी नोकरी गेली ती या घरापायी. मला वाटलं, निदान हे तरी तुझ्या मनासारखं मिळावं. मी आयुष्यभर राबलो तरी असला सेट तुला घेऊन देणार नाही, सुचेता.”

हे तो पहिल्यांदाच बोलला. सुचेताला त्याच्यावर रागावणं एकदम अवघड झालं आणि त्यामुळे ती आणखीच चिडली.

“नाही म्हटलंस तर सभासदत्व काढतील,” ईश्वर म्हणाला. “कार्डं बंद. मग बस त्या फळीवरच्या सेटवर सुरतपर्यंत ओरडत.”

“आई, पण कॅसेट इतकी वाईट आहे का?” संचिताने आतून विचारलं. ती आता कॉलेजला होती आणि आईच्या कट्ट कडकट्टचा तिला कंटाळा होता. “मी तर कधी ऐकलीच नाही.”

“लाव,” ईश्वर म्हणाला. “लाव, ऐकूच दे सगळ्यांना. काय बिघडलंय एवढं.”

संचिताने कॅसेट लावली. खोलीभर तो बारीक, सावकाश आवाज भरला. ईश्वरला मोर्स येत नव्हतं. तरी तो मान हलवू लागला, गाणं ऐकावं तसा. दाजींनी पेपर खाली ठेवला.

“हत्ती निघाला,” सुचेता म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “नदी आली.”

आणि आवाज थांबला. खरखर. संचिताने बटणाकडे हात नेला.

“राहू दे,” सुचेता म्हणाली. “बंद पडलेली नाही.”

सगळे त्या खरखरीकडे बघत राहिले. आणखी थोडी. आणखी. नळाचं थेंब थेंब पाणी पापलेटांवर पडत होतं.

“काय झालं? गेली कुठे?” ईश्वरने विचारलं.

“दूध वर आलंय. मी गॅस बारीक करतेय.”

“मग एवढा वेळ?”

“माझा चहा,” दाजी म्हणाले. त्यांनी चष्मा खोक्यावरून उचलला आणि पुसत बसले. “आधण ठेवतेय ती. आलं ठेचायला वेळ लागतो.”

“याच्यावर तो नाथा नापास झाला?” ईश्वर म्हणाला.

कॅसेटमध्ये सुचेता परत आली आणि हत्ती पाणी पिऊ लागला. ईश्वरने स्वतःच उठून बटण दाबलं. मग काय करावं ते न सुचून तो सिंकपाशी गेला आणि पापलेटांची खवलं काढायला लागला. ते काम त्याने घरात कधी केलं नव्हतं. खवलं टाइल्सवर उडत होती.

“अहो, उलट्या बाजूने घासताय. सरका.” सुचेताने त्याच्या हातातून सुरी घेतली.

ती पापलेटं कापत राहिली. पोट चिरलं, धुतलं, मीठ-हळद लावली, वर कोकमाचं आगळ घातलं. ओट्यावर चटणीचा डबा होता, त्याच्यामागे तिची चावी होती, फडक्यात गुंडाळलेली, आठवडाभर. तिने हात पुसले. फडकं सोडलं. चावीवर धूळ नव्हती, तरी ती पदराने पुसली आणि आतल्या खोलीत फळीवरच्या सेटला जोडून आली.

“सुचेता,” ईश्वर म्हणाला, “ते साडेबाराला येतील. मी काय सांगू त्यांना?”

“काही सांगू नका. मी जेवायला वाढीन,” सुचेता म्हणाली. “मासे खात नसले तर वरण-भातही आहे. जाताना खोका न्यायचा. कॅसेट मी करणार नाही. उद्यापासून सहाला माझा धडा हवेत सुरू होईल, फुकट, ज्याला टेप करायचाय त्याने करावा. आणि सकाळचं दूध उद्यापासून तुम्ही बघायचं. मी मध्ये उठणार नाही.”