उजव्या चौकोनातली सर्व्हिस

रविवार, ८ फेब्रुवारी. सकाळचे सात. टेनिस कोर्ट क्रमांक एक.

हजर: आमच्या सकाळच्या बॅचच्या तीन जोड्या, संध्याकाळच्या बॅचच्या तीन जोड्या. आमच्यापैकी एक कॅप्टन, निवृत्त इंजिनिअर, त्यांना सगळे सरजी म्हणतात. एक माझ्या थोरल्या जाऊबाई, डबल्समधल्या माझ्या पार्टनर. एक मी. गैरहजर: आमच्या घरातले दोघे भाऊ, म्हणजे त्यांचे यजमान आणि माझे. ‘तुम्ही व्हा पुढे, आम्ही आलोच’ असं दोघांनीही पांघरुणातून सांगितलं होतं.

सकाळची बॅच विरुद्ध संध्याकाळची बॅच हा सामना दरवर्षी होतो. जिंकणाऱ्यांना काही मिळत नाही. हरणाऱ्यांना मात्र वर्षभर पोह्यांच्या गाडीवर ऐकून घ्यावं लागतं. गेल्या वर्षी ते आम्ही ऐकलं, आणि माझ्यामुळे ऐकलं. शेवटच्या गेममध्ये माझ्या दोन्ही सर्व्हिस नेटमध्ये गेल्या आणि सामना तिथेच संपला. नंतर सरजी फार गोड आवाजात म्हणाले, “भाभीजी, अगले साल आपको रिज़र्व में रख लेते हैं. आराम रहेगा.”

मला आराम नको होता. मी एक वर्ष मागून घेतलं. तोवर दुसरी सर्व्हिस, म्हणजे पहिली चुकल्यावरची, सुधारली नाही तर स्वतःहून पहिल्या जोडीतून बाहेर होईन, असं चारचौघांत सांगितलं.

मी इंदूरला पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात खरेदी सांभाळते. एकीकडे फोन, दुसरीकडे कोटेशन, समोर उभा असलेला माणूस, असं दिवसभर चालतं आणि ते मला छान जमतं. कोर्टवर हेच आड येत होतं. बॉल हवेत असतानाच मी तो परत कुठे येईल, मग जाऊबाई कुठे असतील, याची व्यवस्था लावत असायचे. हातातला बॉल मात्र कुठेतरीच जायचा. जाऊबाई जन्माने इंदूरच्या, बोलण्यात तिखट. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “तू बॉल वर टाकत नाहीस गं, त्याची बिदाई करतेस. जा बाबा, जिथे जायचं तिथे सुखी रहा.”

सुरुवात पकडीपासून केली. मी रॅकेट उलथण्यासारखी धरत होते. ती हातोडीसारखी धरायची, हे मला आधीही सांगितलेलं होतं, पण तशी धरली की बॉल डावीकडे भलतीकडेच जातो म्हणून मी सोडून द्यायचे. या वेळी सोडलं नाही. बरेच दिवस माझी प्रत्येक सर्व्हिस डावीकडच्या कुंपणावर आपटत होती आणि शेजारच्या कोर्टवरचे लोक सल्ले देत होते. आमच्या बॅचमध्ये सल्ला देणं हा शिष्टाचार आहे. ‘घुटना मोड़ो’, ‘भाभीजी, कंधा’. मी सगळे लिहून ठेवत होते. मग एका संध्याकाळी ते वाचले आणि लक्षात आलं की सर्व्हिस करताना मी ही यादीच मनात म्हणत असते. ती फाडली. ठरवलं, आधी फक्त बॉल वर टाकणं.

त्यासाठी जाऊबाईंनी त्यांची कणकेची मोठी परात आणून दिली. विजय नगरला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ती डाव्या पायाच्या जरा पुढे ठेवायची, बॉल वर टाकायचा आणि मारायचा नाही. खाली आला की परातीतच पडला पाहिजे. रोज ऑफिसला निघायच्या आधी ठण्ण, ठण्ण. तळमजल्यावरच्या आंटीजींनी काही दिवस सहन केलं, मग गॅलरीत येऊन विचारलं, “बेटा, घर में शादी है क्या?” मी नाही म्हटलं. “तो बरतन क्यों परख रही हो?” टेनिस आहे असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे, परातीकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेल्या.

मारायला शिकायला आणखी वेळ लागला. दुसरी सर्व्हिस म्हणजे शेवटची संधी, म्हणून हात आपोआप आखडतो. खरं तर हात तेवढ्याच वेगाने फिरवायचा असतो, फक्त बॉलच्या मागे न आपटता त्याला खालून वर घासत न्यायचं. जितकी भीती वाटेल तितकं जोरात फिरवायचं. हे अंगाला पटायला पावसाळा संपावा लागला.

मनाचं काम मात्र दोघींना मिळून करावं लागलं. आमच्याकडे चूक झाली की ‘सॉरी’ म्हणायचं, मग पार्टनरने ‘कोई नी, कोई नी’ म्हणायचं, मग पुन्हा ‘अरे, सोपा होता’. एवढं होईपर्यंत पुढचा पॉइंट सुरू झालेला असतो आणि आम्ही अजून मागच्यातच. म्हणून आम्ही कोर्टवर सॉरी बंद केलं. पॉइंट संपला की नेटकडे पाठ करायची, रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करायच्या, एक श्वास, वळायचं. बोलणं बंद ठेवणं जाऊबाईंना फार जड गेलं. त्या म्हणाल्या, सासूबाईंसमोरही त्यांना इतकं गप्प बसावं लागलं नव्हतं.

तर आठ फेब्रुवारी. पहिली मॅच आमच्या बॅचने जिंकली, दुसरी त्यांनी. तिसरी, निर्णायक, आम्हा दोघींची. समोर एक बँकेतले अधिकारी आणि एक दातांचे डॉक्टर. आमचा नियम असा की पाच-पाच गेम झाले की आणखी एकच गेम, आणि त्यात चाळीस-चाळीस झाले की एकच पॉइंट. तेव्हा सर्व्हिस कोणत्या चौकोनात घ्यायची हे समोरच्यांनी ठरवायचं. पाच-पाच झाले. सर्व्हिस माझी. चाळीस-चाळीसही झाले.

डॉक्टरांनी विचारही केला नाही. “मैं लूँगा,” म्हणाले आणि उजव्या चौकोनासमोर उभे राहिले. ते नेहमी तिथेच खेळतात.

पहिली सर्व्हिस लांब गेली. डॉक्टर दोन पावलं आत आले. बँकवाले मोठ्याने म्हणाले, “और आगे आ जा भिया, यहीं टपकेगी.” जाऊबाई नेटजवळ पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि वळल्या नाहीत. मी नेटकडे पाठ केली, तारा सरळ केल्या, श्वास घेतला. वळले. बॉल वर टाकला, तो जिथे हवा तिथेच होता, आणि मी हात पूर्ण फिरवला.

बॉल नेटवरून बराच उंच गेला, चौकोनात पडला आणि डॉक्टरांच्या खांद्यापर्यंत उसळला. आत आले असल्यामुळे त्यांना मागे सरायला जागा नव्हती. त्यांच्या रॅकेटची कड लागली आणि बॉल कुंपणापलीकडे गेला.

डॉक्टर नेटशी आले, हात मिळवला आणि म्हणाले, “भाभीजी, ये वाली कब सीखी आपने?” उत्तर जाऊबाईंनी दिलं. “तुम्ही दात काढत होतात तेव्हा.” डॉक्टर मराठी समजतात. तेच सगळ्यात आधी हसले.

पोह्यांच्या गाडीवर सरजींनी पुढच्या वर्षीच्या पहिल्या जोडीचा विषय काढला, आमच्या दोघींकडे बघून मान हलवली आणि पोह्यांवर घालायला जिरावन मसाला मागितला. मला तेवढं पुरलं. ऑफिसात माझ्या कामाची वाखाणणी होते, पण ते काम मला आधीपासून येत होतं. हे येत नव्हतं.

फक्त एक गोष्ट त्या दिवशी कुणाला कळली नाही. बँकवाले डावीकडे खेळतात. ‘ये मेरी’ असं त्यांनी म्हटलं असतं तर मला डाव्या चौकोनात सर्व्हिस करावी लागली असती, आणि तिथे माझी ही सर्व्हिस अजून बसलेली नाही. बॉल कडेला जायला हवा, तो मधोमध येतो, हातात दिल्यासारखा. डाव्या बाजूला उभं राहिलं की खांदा लवकर उघडतो, म्हणजे बॉल मारण्याआधीच समोर वळतो, इतकं समजलं आहे. पण का उघडतो आणि काय केलं म्हणजे उघडणार नाही, हे अजून शोधायचं आहे. मंगळवारी सहाला कोर्ट रिकामं आहे. जाऊबाईंना सांगितलंय, त्या समोर उभ्या राहणार आहेत.