नानांचा एकेक घास

मी धुळ्याची, देवपूरची. केळं म्हणजे केळं, एवढंच मला ठाऊक होतं. डॉक्टर झाल्यावर पहिली नोकरी जळगावात लागली, कॅज्युअल्टीत. नव्वद साल अजून उजाडायचं होतं. मला राग पटकन यायचा. अजूनही येतो, पण तेव्हा पदवी नवी कोरी असल्यामुळे तो जरा ऐटीत यायचा.

एका दुपारी रावेरकडचे एक नाना जीपमध्ये आडवे होऊन आले. साठी ओलांडलेले, केळीची मोठी बाग असलेले. पायातली शक्ती गेली होती, उठता येत नव्हतं, आणि नाडी चाळिशीत रेंगाळत होती. सोबत त्यांच्या पत्नी होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. मूत्रपिंडं कमजोर झालीत असं वर्षापूर्वी कळलं होतं, पण अक्कांच्या मते माणूस ठणठणीत होता.

ईसीजी काढायला घेतला. तेव्हा छातीला रबरी फुगे चिकटवावे लागत आणि नानांच्या छातीवरच्या केसांशी त्या फुग्यांचं जमेना. आमच्या सिस्टर पारोळ्याच्या, हातात विलक्षण चिकाटी. त्यांनी ते चिकटवले. पट्टी बाहेर आली. प्रत्येक ठोक्यामागची लाट उंच आणि टोकदार होती, जत्रेत राहुट्यांची रांग लागावी तशी. रक्तातलं पोटॅशियम फार चढलं की असं दिसतं. लॅबचा रिपोर्ट संध्याकाळशिवाय मिळायचा नव्हता, आणि तोवर हे हृदय थांबलं असतं.

मी कॅल्शियमचं इंजेक्शन शिरेतून सावकाश द्यायला लागले. एक डोळा पट्टीवर.

"ताई, लय सावकाश देऊ राह्यल्या," नाना म्हणाले.

"तुम्ही गप्प पडून रहा."

पाचेक मिनिटांत राहुट्या खाली बसल्या. कॅल्शियमनं हृदयाला तेवढ्यापुरतं सांभाळलं होतं. पोटॅशियम मात्र होतं तिथंच होतं, म्हणून पाठोपाठ इन्सुलिन आणि ग्लुकोज लावलं. अक्का घाबरल्या. "ह्यायले साखरेचा आजार नाही, मंग साखरेचं इंजेक्शन काऊन?" इन्सुलिन पोटॅशियमला रक्तातून पेशींच्या आत ढकलतं, हे मी दोनदा समजावलं. त्यांनी दोनदा मान हलवली आणि शेवटी सिस्टरांना विचारून खात्री करून घेतली.

संध्याकाळच्या रिपोर्टानं माझी बाजू घेतली. मी ऐटीत फर्मान काढलं, फळं बंद, नारळपाणी बंद, आणि केळं तर नजरेसमोरही नको. नानांना शेजारच्या वॉर्डात हलवलं.

दुसऱ्या दुपारी पट्टी काढली, तर राहुट्या पुन्हा हजर. माझा पारा चढला. केळं कोणी दिलं, असं मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. अक्कांनी देवाची आण घेतली, यांनी कालपासून एक केळं खाल्लेलं नाही. बाई खोटं बोलणारी वाटत नव्हती. तेवढ्यात सिस्टर खाली वाकल्या आणि त्यांनी पलंगाखालून एक टोपली ओढली.

"ताई, आठे बठ्ठा केळा शेतस, पन पुरं एकबी खायेल नही."

टोपलीत सगळी केळीच होती, बावीस, पण पुरं खाल्लेलं एकही नव्हतं. प्रत्येकाचं टोक सोललेलं आणि प्रत्येकाचा एक घास गेलेला.

आधी पुन्हा कॅल्शियम, पुन्हा इन्सुलिन. मग चौकशी. त्यांच्या गावात कोणाच्या बागेचं केळं कसं पिकलंय, यावर नानांचा शब्द शेवटचा असे. त्यांना भेटायला येणारा प्रत्येक जण आपल्या बागेतल्या केळ्यांची फणी घेऊन येई, आणि चाखून मत दिलं नाही तर तो त्या बागेचा अपमान ठरे. नानांनी कोणाचाच अपमान केला नव्हता.

मी दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. "नाना, झाडाला पोटॅश घालता ना?"

"त्याच्याबिगर केळं भरते का?"

"आणि बुंध्याशी जास्त पडलं तर?"

"मूळ करपते."

"तेच पोटॅश तुमच्या रक्तात साचलंय. ते बाहेर टाकणारी मूत्रपिंडं थकलीत. आता करपेल ते हृदय."

नानांनी टोपली दूर ठेवायला सांगितली. पेशींच्या व्याख्यानानं जे झालं नाही, ते खताच्या एका गोणीनं केलं. मग हळूच म्हणाले, "चव पाह्याची नाही, तं मंग मी कोन?"

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. "द्या इकडे," मी म्हणाले, "मी खाते, तुम्ही निकाल द्या."

पुढचे तीन दिवस मी पाहुण्यांनी आणलेली केळी खात होते. नाना बाजूला पडून विचारत, घशाला कसं लागतं, मागून तुरट येतं का, गर दाताला चिकटतो की जिभेवर विरतो. पहिल्या दिवशी मी नुसतं "गोड" म्हणाले, तर त्यांनी तोंड फिरवलं. माझ्या उत्तरांवरून ते निकाल देत आणि पाहुणे समाधानानं जात. घरी जायच्या दिवशी त्यांची पट्टी शहाण्यासारखी होती, एकही राहुटी नव्हती. मला मात्र महिनाभर केळं नको झालं.

चारेक महिन्यांनी ते तपासणीला आले, चालत. पट्टी छान आली. मग त्यांनी पिशवीतून एक फणी काढली. मी एक केळं सोललं. खाऊन खरं तेच सांगितलं, की गर पाणचट आहे, घाईनं उतरवलेलं दिसतंय, मागून तुरट येतं.

अक्का खाली बघायला लागल्या.

"कोणाची बाग?" मी विचारलं.

"माही," नाना म्हणाले. "गावात सारे गोडच म्हनतात. आजारी मानसाले कोन खरं सांगीन?"

त्यांनी पिशवीत हात घातला, दुसरी फणी बाहेर काढली आणि माझ्यापुढे धरली.

"ही खालच्या वावरातली हाये. सांगा."