इज्जाने लपवलेले दोन महिने

पोटातल्या जिवाचे खरे महिने कुणाला सांगायचे नाहीत, नजर लागते, हे इज्जाला तिच्या आईने शिकवलं होतं. ॲटलासच्या डोंगरातल्या त्या गावात साऱ्याच बाया दोन महिने कमी सांगत. म्हणून दवाखान्याची सेविका फोनवर महिन्यागणिक ऐकवल्या जाणाऱ्या, रेकॉर्ड केलेल्या निरोपांसाठी नाव नोंदवायला आली, तेव्हा लेकीने, तूदाने, तोंड उघडायच्या आतच इज्जा म्हणाली, "तिसरा." तूदाला पाचवा होता.

मग दर गुरुवारी फोन वाजू लागला. रेंज फक्त छपरावर मिळायची, मायलेकी तिथे चढायच्या. दोघींना अक्षरओळख नव्हती, पण फोनमधली बाई त्यांच्याच बोलीत बोलायची.

"काय गं ही! ना विचारपूस, ना चहा, थेट लघवीला जळजळ होते का म्हणते," इज्जा म्हणायची. तूदा हसून हसून बेजार व्हायची. पण बाई सांगेल तशी मसूर शिजे, गोळी घेतली जाई. इज्जाला ती सख्ख्या बहिणीसारखी वाटू लागली.

सातव्या महिन्यात तूदाचा चेहरा सुजला. ती आईला म्हणाली, "यिम्मा, डोकं फुटतंय गं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"आज गुरुवारच आहे. काही वाईट असलं तर ती सांगेलच की."

बाईने त्या दिवशी सांगितलं, बाळ आता पहिल्यांदा हलेल. सुजेबद्दल अवाक्षर नाही. इज्जा निर्धास्त झाली.

शनिवारी तूदाला झटके आले. खेचरावरून रस्त्यापर्यंत, तिथून जीपने इस्पितळात. तूदा वाचली. मुलगा मेलेलाच जन्मला.

फोन बंद करायचं कुणाला सुचलं नाही. आठ गुरुवार गेले. इज्जा एकटीच छपरावर जव पाखडत होती. बाई म्हणाली, "सातवा महिना लागला. चेहरा सुजला, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, तर थांबू नका. त्याच दिवशी इस्पितळ गाठा."

इज्जाने बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले.  खाली येऊन लेकीला काही बोलली नाही.

हिवाळा सरला. शेजारची रहमा आपल्या सुनेला घेऊन आली. "इज्जा, फोनवाल्या बाईला हिचा कितवा सांगू? चौथा सांगते."

"खरा सांग." इज्जाचा आवाज चढला. "गावाला हवा तो सांग, पण तिला खरा सांग!"

पीठ मळणारा तूदाचा हात थांबला.

"तिलाच का, यिम्मा?"

इज्जाला उत्तर ठाऊक होतं. तिने परात स्वतःकडे ओढली आणि पीठ मळू लागली.