चौकोनांची वाटणी

माझ्या चुलत सासूबाईंना मिशी आली ती माझ्यामुळे. हेतू अत्यंत पवित्र होता, हे आधीच सांगून ठेवतो. (हे वाक्य मी आजवर इतक्या पाहुण्यांना ऐकवलंय की आता ते झोपेतही बिनचूक येतं.)

माझे सासरे आण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ आप्पा. कुरुंदवाडला दोघांची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. पण शेताच्या वाटणीनंतर मधला बांध कुणी कुणाच्या बाजूला सरकवला, यावरून कैक वर्षं बोलणं बंद. आण्णा गुरुवारी नृसिंहवाडीला जातात म्हणून आप्पांनी दत्तदर्शनाचा वार बदलून घेतला, इथवर मजल! यंदा आण्णांची सत्तरी आली आणि माझ्या बायकोने, वैशालीने, हट्ट धरला: जेवण कोल्हापुरात आमच्या घरी, आणि दोघं भाऊ एका पंगतीला. जावयाचं घर म्हणजे कुणाच्याच हद्दीत नाही. त्यामुळे दोघेही "पोरीसाठी येतो" म्हणाले.

"जेवून उठेपर्यंत दोघं एकमेकांशी एक शब्द जरी बोलले ना, तरी मला पुष्कळ झालं," वैशाली म्हणाली. लहानपणी ती एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर फिरलेली पोरगी. तिचा आवाज ऐकून मला खरंच वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी करायला जातो.

त्याच आठवड्यात माळा आवरताना तिचा जुना व्हिडिओ गेम सापडला. हातात धरून खेळायचा, विटेएवढा जड, हिरवट पडद्याचा. तो तिला आप्पांनी घेऊन दिला होता. पण तिच्या वाट्याला तो आलाच कुठे? दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून पाळीपाळीने खेळायचे आणि सेल संपले की तिला परत द्यायचे! झालं, माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. याच डब्यावर दोघांचा फोटो आणायचा. पडद्याला आतून उजेड नाही. तो खिडकीशी धरूनच बघावा लागतो. म्हणजे दोन डोकी जवळ येणारच!

मी घरून काम करणारा सॉफ्टवेअरवाला आहे. (आण्णांच्या भाषेत, "घरातच असतात.") फोटोही झकास सापडला. दोघांच्या एकत्र घरातली म्हैस शर्यतीत पहिली आली होती, तेव्हाचा. डावीकडे फेटा आणि झुपकेदार मिशीचे आण्णा, शेजारी तुळतुळीत टकलाचे, बिनमिशीचे आप्पा, मग आरतीचं ताट घेतलेल्या काकी, म्हणजे आप्पांच्या पत्नी, आणि उजवीकडे गळ्यात हार घातलेली म्हैस. तिच्या काळ्याभोर कपाळावर पांढरा चांद. त्या चांदासाठी ती पंचक्रोशीत प्रसिद्ध होती.

आता अडचण अशी, की हा डबा आपल्या मोबाइलसारखा अख्खा फोटो दाखवत नाही. त्याला चित्राचे बारीक चौकोन पाडून द्यावे लागतात, फरशी बसवल्यासारखे. रंग चारच, तेही हिरव्याचेच. आणि वेगवेगळे चौकोन तो मोजकेच लक्षात ठेवतो. एकच चौकोन दहा ठिकाणी वापरा, त्याची हरकत नाही. माझ्या फोटोचे चौकोन त्याच्या कुवतीच्या दुप्पट निघाले. तेवढ्यात चौकोन पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक सोय दिसली: साधारण सारखे दिसणारे चौकोन एकच समजावेत का? मी म्हटलं, समजावेत की! ऑफिसची मीटिंग चालू असताना, कॅमेरा बंद ठेवून, मी ते बटण दाबलं. सगळं बसलं!

फोटो लांबलचक, पडदा एवढासा. म्हणून बटण दाबलं की चित्र हळूहळू सरकायचं. मी आण्णांपर्यंत पाहिलं. फेटा उत्तम, मिशी त्याहून उत्तम. पुढचं पाहणार तेवढ्यात मीटिंगमध्ये साहेबांनी माझं नाव घेतलं, आणि मग ते राहूनच गेलं.

रविवारी मंडळी आली. आण्णा सोफ्याच्या या टोकाला, आप्पा त्या टोकाला, मध्ये मी. सासूबाई, काकी आणि वैशाली स्वयंपाकघरात. तांबड्या रश्शाचा वास घरभर, आणि बैठकीत मात्र सुतक.

"पावणं, प्रवास बरा झाला म्हनावं का त्यास्नी, इचारा," आण्णा भिंतीकडे बघत म्हणाले.

"बरा झाला म्हनून सांगा," आप्पा पंख्याकडे बघत म्हणाले.

मी इकडून तिकडे टपाल वाहत होतो. शेवटी डबा काढला. तो बघताच दोघांचे चेहरे असे काही उजळले, की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. दोघेही उठून खिडकीशी आले. दोन डोकी एका डब्यावर! वैशाली झारा हातात घेऊनच दारात येऊन उभी राहिली.

"आयला, हा तर मीच की!" आण्णा खूश. "मिशी बगा कशी आलीया!"

मी बटण दाबलं. आप्पा आले. म्हणजे, आप्पा असावेत. एक गोल, त्यात दोन ठिपके, बाकी सगळं सपाट.

"ह्यो कोन?" आप्पांनी विचारलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी समजावून सांगायला गेलो! "त्याचं काय आहे आप्पा, चौकोन मोजकेच असतात. आण्णांच्या मिशीला आणि फेट्याला जास्त लागले, म्हणून तुमच्या वाट्याला जरा कमी आले."



"म्हंजे हितं बी?" आप्पांचा आवाज चढला. "हितं बी थोरल्याला जास्त आन मला कमी? शेतात झालं ते झालं, आता ह्या डबड्यात बी वाटनी मारली व्हय?"

"सांगा त्यास्नी," आण्णा भिंतीला म्हणाले, "ज्येची मिशी त्येला जागा लागनारच!"

"आन सांगा त्यास्नी, टकलाला बी मान असतोय!"

वैशालीने माझ्याकडे असं पाहिलं की झारा आपल्यासाठीच आणलाय, याची मला खात्री पटली. विषय बदलावा म्हणून मी घाईघाईने बटण दाबलं आणि ओरडलो, "काकी, या, बघा, तुम्ही आलात!"

काकी पदराला हात पुसत आल्या. डोकावल्या. पडद्यावर त्या आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. कपाळावर कुंकू, डोक्यावर पदर, आणि ओठावर आण्णांची मिशी! पिळासकट! काकींच्या ओठाजवळची सावली आणि आण्णांची मिशी माझ्या प्रोग्रॅमला साधारण सारखी दिसली होती. चौकोन वाचवले होते बिचाऱ्याने.

ज्या काकींनी लग्न झाल्यापासून थोरल्या दिरासमोर पदर ढळू दिला नाही, त्यांच्या ओठावर खुद्द थोरल्या दिराची मिशी. "अगं बाई गं!" एवढंच म्हणून त्यांनी तोंडाला पदर लावला तो काढीचनात. (फोटोत ती सावलीच होती की खरंच मिशी, अशी आता मलाच शंका येऊ लागली.) आप्पांच्या कपाळाची शीर उडायला लागली.

"पावणं, माज्या बायकूला मिशी?"

"आन ती बी माजी!" आण्णाही भडकले. "इचारलं व्हतं का मला?"

आता एकच आशा उरली होती, म्हैस. तिच्यावर दोघांचाही जीव. मी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

पडदा काळा झाला.

"सेल संपलं?" आण्णांनी विचारलं.

"नाही, ही म्हैस आहे," मी म्हणालो. "काळे चौकोन सगळे सारखेच, म्हणून... एकात आली."

"आन चांद?" आप्पांनी डबा डोळ्याला लावला. "हिच्या कपाळावरचा चांद कुठं गेला?"

"तो... बहुतेक वाचला. म्हणजे, चौकोन वाचला. चांद गेला."

आप्पा सावकाश वळले. माझ्याकडे नव्हे, आण्णांकडे. "दादा," ते म्हणाले, "ह्यानं आपल्या म्हशीचा चांद घालवला रं."

वैशालीच्या हातातला झारा खाली पडला.

"त्या चांदासाठी बाजारात मानसं थांबायची," आण्णा म्हणाले, आणि थेट आप्पांना म्हणाले!

"तुजा हात लागल्याबिगर दूध देत नव्हती, दादा."

"आन तू म्होरं पळाल्याबिगर ती पळत नव्हती."

दोघांचेही डोळे भरून आले. वैशाली तर उघडउघड रडत होती. मग दोघं सोफ्याच्या एकाच टोकाला बसले. म्हशीवरून गोठ्यावर, गोठ्यावरून शेतावर. "बांधाचं काय ते तूच बग," आण्णा म्हणाले. "न्हाय, तू थोरला, तूच ठरव," आप्पा म्हणाले. जेवताना एक जण दुसऱ्याच्या वाटीत रस्सा ओतत होता. विहीर दोघांची, आंबा आप्पांचा, गोठ्याची जागा आण्णांची. दुसऱ्या भाकरीपर्यंत सगळी वाटणी नव्याने, गोडीगुलाबीने झाली.

मला वाटलं, आता श्रेय घ्यायला हरकत नाही. मी घसा खाकरून म्हणालो, "म्हणजे, माझ्या गेममुळे जमलं म्हणायचं!"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं.

"ह्ये पावणं राहिलंच की वाटायचं," आण्णा म्हणाले. "आप्पा, ह्ये तू घे."

"छ्या छ्या! थोरल्याचा मान पयला, दादा. तूच ठेव."

बांध त्याच महिन्यात मिटला. माझ्या बाबतीत मात्र दोघेही अजून इतके उदार आहेत की एकही जण मागे हटायला तयार नाही.