मुठीवरचं कुंकू

मच्छिंद्र शाळेत माझ्या वर्गात शिकत होता तेव्हाही त्याला घाई माहीत नव्हती. घंटा होऊन वर्ग रिकामा झाला तरी हा समासाची रेघ आखत बसलेला असे. आता त्याचीही पन्नाशी उलटली. स्वारगेटच्या मागच्या गल्लीत तो परवान्याच्या बंदुका दुरुस्त करतो. दुकानात गिऱ्हाइकासाठी खुर्ची एकच, आणि मी गेलो की ती माझी असते.

परवा ती मी धायरीच्या यमुनाबाईंना दिली. त्यांचे यजमान हिंदुराव गेल्या वर्षी वारले, तेव्हापासून त्यांचं रिव्हॉल्व्हर मच्छिंद्रकडे जमा होतं. आता मुलाच्या, विश्वजीतच्या नावाने परवाना झाला होता, म्हणून मायलेक ते न्यायला आले होते.

मच्छिंद्रने सवयीप्रमाणे आधी ते उघडून रिकामं असल्याचं दोघांना दाखवलं. मुठीची लाकडी फळी खटखट हलत होती. तिचा स्क्रू अर्ध्यात अडकलेला. आवळला जाईना आणि सुटेनाही.

"काका, ड्रिल मारून काढा ना," विश्वजीत म्हणाला. "मी नवीन ग्रिप आणलीये, रबरची." त्याने ती टेबलावर ठेवली.

"लाकूड फुटेल."

"फुटू दे. जुनंच झालंय ते."

यमुनाबाईंनी फळीवरच्या खळग्यावरून बोट फिरवलं. तिथे हिंदुरावांचा अंगठा टेकायचा. लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं.

"भाऊ, फळी ऱ्हाईल का?"

"बघू, वहिनी."

"ड्रिल नाहीये का तुमच्याकडे?" विश्वजीतने पुन्हा विचारलं.

"आहे की. भिंतीवर घड्याळ लावायचं असलं की काढतो."

मच्छिंद्रने सुईने स्क्रूची खाच कोरायला घेतली. लाल भुगा निघाला. फुंकर न मारता त्याने तो कागदावर झेलला.

"दसऱ्याला पूजा कोण करायचं?"

"मीच की. वल्लं कुंकू लावायचे, त्या स्क्रूच्या बारक्या गोलावर. कपाळावानी दिसायचा."

"पाणी झिरपलं आत. आटे गंजले."

"म्हंजी मीच अडकवला म्हना!" त्यांचा चेहरा उतरला.

"धरून ठेवलात, वहिनी. नाहीतर एव्हाना कुठेतरी पडून गेला असता."

त्याने तेलाचे दोन थेंब सोडले आणि चहा मागवला. चहा संपला तरी तो स्क्रूला हात लावेना. स्क्रू ड्रायव्हरचं पातं दगडावर घासून खाचेत घट्ट बसेल एवढं केलं. विश्वजीतने फोन खिशात ठेवला आणि जवळ येऊन उभा राहिला. यमुनाबाई मात्र भिंतीकडे बघत होत्या.

मच्छिंद्रने स्क्रू आधी किंचित आवळला, मग उलटा फिरवला. पुन्हा आवळला, पुन्हा उलटा. बारीकसं 'कर्र' ऐकू आलं.

"आला," विश्वजीतच म्हणाला.

फळी अखंड होती. आतली बाजू पुसून मच्छिंद्रने नवा स्क्रू बसवला. आता ती जागची हलेना. लाल भुग्याची पुडी बांधून त्याने यमुनाबाईंपुढे ठेवली. त्यांनी ती कनवटीला लावली.

"आता दसऱ्याला काय लावू?"

"फूल वाहा. कोरडं."

विश्वजीतने मूठ हातात घेतली आणि अंगठा खळग्यावर टेकवला.

"बसतोय का रं?"

"माझा मोठा आहे, आई."

"ऱ्हाऊ दे तिथंच," त्या म्हणाल्या. "बसंल."

रबराची मूठ टेबलावरच राहिली. विश्वजीतने ती मागितली नाही.