उत्तनचा कंदीलमासा

वडील भाईंदरच्या मिठागरात मीठ ओढायचे. पायांच्या भेगांत मीठ शिरायचं, आई संध्याकाळी त्यांत खोबरेल भरायची. मी घरातला पहिला बी.एस्सी. हे सांगायला मी लाजत नाही. मासे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत हंगामी नोकरी लागली आणि पहिल्याच अहवालात मी लिहिलं, की खोल समुद्रातला कंदीलमासा उत्तनच्या होड्यांना मिळतो. बाजारात रोझीबाय कोळिणीच्या टोपलीत एक चेपलेला पाहिला होता. साहेब म्हणाले, "नमुना आणा, नाहीतर ती ओळ खोडा."

वैशाखातल्या रविवारी निघालो. एस.टी. राई गावाजवळ बंद पडली. पुढं चालत, उन्हानं डोकं भणभणलेलं.

उत्तनला वाळत घातलेल्या बोंबलांखालून वाकून गेलो. मी आधी निरोप धाडला होता, म्हणून रोझीबायनं माझ्यासाठी तीन कंदीलमासे राखले होते. बोटाएवढे, मोठ्या डोळ्यांचे. पण वाळवायच्या माशांसारखे जाड्या मिठानं चोळलेले! पोटाखाली मोत्यांसारखे उजेडाचे ठिपके असतात, त्यांच्या रांगेवरून जात ठरते. सालीबरोबर तेच गेले होते.

"बाय, मला ठिपकेच हवे होते."

"आता गं बाय! यवढा शिकला आनि साल बगाया आला?" ती हसली. मग समोरचा कुपा (मोठा मासा) तिनं चिरला. त्याच्या पोटातून ताजा गिळलेला एक कंदीलमासा निघाला. "घे बाबा. याला हात लावत न्हाय."

पिशवीत हात घातला तर नमुना टिकवायच्या औषधाची बाटली रिकामी. एस.टी.च्या धक्क्यांनी बूच निघालं होतं. या उन्हात मासा तासाभरात कुजणार. मी ओल्या फडक्यात तो धरून परत चालू लागलो. वाटेत मोर्व्याला वडिलांचं कामाचं मिठागर, ते तिथं मीठ ओढत होते. पाय तिथंच थांबले.

"न चोळता नुसतं वरून मीठ लावतो," मी वडिलांना म्हणालो.

"लावू नको पोरा. खडा साल कापतो." त्यांनी शेवटच्या कोंडीतलं (मीठ धरायच्या वाफ्यातलं) दाट खारं पाणी आपल्या भाकरीच्या डब्यात भरलं. "यात बुडव. आनि चोळू नको, समजला?"

पदवीच्या माणसानं मासा अलगद बुडवला.

सोमवारी भिंगाखाली ठिपक्यांची रांग अखंड होती, शेपटीजवळचा उजळ डागही. साहेबांनी ती दोनदा मोजली. मग डबा धुऊन परत दिला.

अहवाल छापला गेला. ती ओळ त्यात आहे.