क्रूसापाशी ठेवलेला भात

ती कबर अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. वडनेर भोलजीच्या पुढे एका गावात, मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या एका ख्रिस्ती माणसाने आपल्या शेताच्या बांधावर बायकोला मूठमाती दिली होती. डोक्याशी लावलेला लाकडी क्रूस कोणीतरी उपटून कुऱ्हाडीने तोडला होता. नोकरीत मुडदे पुष्कळ पाहिले. पण मेलेल्या बाईवर इतका राग? पंचनामा करताना मी सुन्न झालो होतो.

गावात ख्रिस्ती घर त्याचे एकच. पारावरचे टोळके त्याला पाहिले की "हालेलुया आला बे!" म्हणून ओरडायचे. तो हसायचा आणि त्यांच्याच गाड्यांचे पंक्चर काढायचा. आता मात्र तो पार खचला होता. गावात राहावे की घर सोडावे, एवढेच तो मला विचारत होता.

दुपारी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, पारावरच्या तिघायनंच केलं. बाईच्या मयतीतही हसून राह्यले होते ते."

तिघांना ठाण्यात आणून वेगवेगळे बसवले. चिडवल्याचे तिघांनीही कबूल केले, पण कुऱ्हाडीचे नाव काढताच भेदरले. बाहेर त्यांचे आईबाप जमले, आवाज चढू लागले. खोटे बोलणारा सहसा गरजेपेक्षा जास्त बोलतो. यांना तर धड बोलताही येईना. मला शंका आली आणि मी पुन्हा कबरीवर गेलो.

बोरीच्या आडोशाला पत्रावळ पडली होती. तिच्यावर भाताचे पिंड आणि काळे तीळ. टिंगल करणारा कशाला घरून भात शिजवून आणेल? बाई मूळची हिंदू घरातली; हे तिच्या माहेरच्या माणसाचे काम होते. तिचा भाऊ पिंपळगाव राजा या गावी राहणारा, पेशाने शिक्षक. त्याला बोलावले. समोर पत्रावळ ठेवताच तो कोसळला.

"बहिणीचा दहावा केला नाही त्यायनं. कावळा शिवल्याबिगर तिले सुटका नाही, असं सारे मले बोलून राह्यले. मीच पिंड ठेवला. कावळा येईच ना. वाटलं, क्रूसाले भेऊन राह्यला. उपटला. तरी नाही आला. मंग डोकंच फिरलं, साहेब."

जिच्या कबरीवर कुऱ्हाड चालवली, तिच्याचसाठी हा माणूस हमसून रडत होता.

फिर्यादीला, म्हणजे बाईच्या नवऱ्याला, बोलावून सगळे सांगितले. आता हा अंगावर धावेल, या भीतीने शिपाई जवळ उभा ठेवला. तो मात्र मेव्हण्यासमोर खाली बसला. "काऊन केलं, मास्तर? मले बोलावलं असतं, तर दोघं संगं रडलो असतो. जा, माफ केलं तुमाले."

मग तो बाहेर गेला आणि त्या तिघांच्या आईबापांसमोर हात जोडून उभा राहिला. "तुमच्या पोरायनं नाही केलं. माह्या तक्रारीपायी त्यायले ठाणं पाहा लागलं. माफ करा मले." ज्यांनी त्याच्या बायकोच्या मयतीत दात काढले, त्यांच्या आईबापांची माफी!

तो आता तक्रार मागे घेईल असे मी धरूनच चाललो होतो. त्याने मान हलवली. "नाही साहेब. झालं ते झालंच नाही, असं कसं लिहून देऊ?"

गाव त्याने सोडले नाही. खटला उभा राहिला तेव्हा आरोपीच्या वकिलाने त्याला भर कोर्टात टोमणा मारला, "तुमचा देव तर माफ करायला सांगतो ना?"

"माफ त्याच दिवशी केलं, वकीलसाहेब," तो शांतपणे म्हणाला. "आज तुमी काय झालं ते इचारून राह्यले. ते सांगतो."

साक्षीदार भीतीने फिरतात, दबावाने फिरतात, हे मी जन्मभर पाहिले होते. माफ करायला साक्ष फिरवावी लागत नाही, हे मी निवृत्तीच्या तोंडावर त्या साक्षीच्या पिंजऱ्यापाशी शिकलो.